जलाल-अबादला मोटारीनं

परत आल्यापासून शेलूबाजारच्या चौकात रोज कुणी ना कुणी मला थांबवतं. "बाई, तिकडं थंडी लय असते म्हणे?" "बाई, तुमी खाल्लं काय तिकडं?" मी काहीतरी उत्तर देते आणि शाळेची वाट धरते. पण मागच्या रविवारी शेजारच्या मालेगावचं एक जोडपं मुद्दाम घरी आलं. त्यांना यंदा मुलाला डॉक्टरकीसाठी तिकडंच पाठवायचं होतं. कॉलेज कसं आहे, हे एजंटानं त्यांना सांगितलं होतं. त्या आईला मात्र एकच गोष्ट हवी होती. ती म्हणाली, "काही झालंच त तिथवर पोचाचं कसं, तेवढं सांगा." सांगता सांगता दिवेलागण झाली. ते गेल्यावर वाटलं, आपण हे लिहून काढावं.

आमची प्राजक्ता किर्गिझस्तानात जलाल-अबाद नावाच्या गावी शिकते. नाव ऐकलं की आपल्याकडचे लोक दचकतात. त्यांना अफगाणिस्तानातलं जलालाबाद आठवतं. हे वेगळं. हे डोंगरांच्या पलीकडचं, सपाट जमिनीवरचं, झाडाझुडपांचं गाव आहे. राजधानी बिश्केक उत्तरेला आणि हे दक्षिणेला. मधे बर्फाचे डोंगर. प्राजक्ता तीन वर्षं तिथं आहे, पण हे डोंगर मी कधी मनावर घेतले नव्हते. ती सुट्टीत यायची, जायची. रस्ता तिचा ती पाहायची.

फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. प्राजक्ताच्या नंबरावरून आवाज सोहेलचा. सोहेल म्हणजे मंगरूळपीरच्या नसीमभाभींचा मुलगा. भाभींचं तिथं कापडाचं दुकान आहे, माझ्या साड्या तिथल्याच. आमची दोघं लेकरं अकोल्याला एकाच क्लासला होती आणि एकाच वर्षी तिकडं गेली.

"काकू, घाबरू नका," सोहेल म्हणाला, आणि मी पोरांच्या रांगेतून बाजूला झाले. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं होतं. "आता बरी हाय," तो म्हणाला. पण पुढचे काही दिवस तिचा ताप उतरेना. मग कळलं, पोटात पू झाला आहे, पुन्हा उघडावं लागेल.

ह्यांच्या पासपोर्टाचं काम नावातल्या एका अक्षरावरून अडलेलं. माझा तयार होता, कारण पहिल्या वर्षी तिला पोचवायला मीच जाणार होते आणि ऐन वेळी राहून गेलं. शाळेतून रजा घेतली, व्हिसाची खटपट अकोल्याच्या एजंटानं केली. मी बॅग भरत होते तेव्हा नसीमभाभी दारात उभ्या. हातात त्यांची स्वतःचीही बॅग.

"बाई, एकट्या कायले जाता? मी येतो ना संगं. माह्या पोट्ट्याले बी पायनं होईल."

"भाभी, रमजान सुरू आहे. तुमचे रोजे?"

"सफरमध्ये माफ असते. मागून धरीन. पोरगी पडून हाय तिकडं, अल्लामियाँले समजत नाई काय?"

भाभी एकदा विमानानं उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आलेल्या. विमानतळ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. माझी तर पाटी कोरीच होती.

कोरदाई

बिश्केकच्या विमानात जागा मिळाली नाही, म्हणून दिल्लीहून शेजारच्या कझाकस्तानातल्या अल्माटीचं तिकीट काढलं होतं. तिथून पुढं सगळं जमिनीवरून. अल्माटीच्या बसस्टँडवर बिश्केकसाठी लहान बस मिळते, आपल्याकडच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीएवढी. ह्या गाड्यांना तिकडं मार्शरूत्का म्हणतात. गाडी भरली की सुटते. बाहेर वाळलेलं गवत, त्यावर बर्फाचे पट्टे आणि मैलोन्‌मैल एक माणूस नाही. वऱ्हाडात कितीही उन्हाळा असला तरी शेताच्या धुऱ्यावर एखादी बकरी, एखादी मोटारसायकल दिसतेच. इथं नजर कुठं टेकवावी कळेना. डोळे मिटले की प्राजू दिसायची, म्हणून मी डोळे मिटत नव्हते.

कोरदाईला दोन देशांची हद्द. इथं सगळ्यांनी उतरायचं, पायी चालत दोन्हीकडचे शिक्के घ्यायचे, नदीवरचा पूल ओलांडायचा आणि पलीकडं आपली गाडी शोधून बसायचं. ड्रायव्हरनं हे हातवारे करून सांगितलं. मला कळलंही. फक्त एक गोष्ट चुकली. पासपोर्टाची पर्स घेऊन मी उतरले आणि मोठी बॅग गाडीतच राहू दिली. तिच्यात प्राजूची औषधं होती, डिंकाचे लाडू होते, तिचे जुने मऊ गाऊन होते.

शिपायानं माझा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. मग कुणाला तरी बोलावलं. मागच्या रांगेतली माणसं पुढं निघून गेली. नसीमभाभी पलीकडं जाऊन उभ्या होत्या आणि मला खुणा करत होत्या, मी त्यांना. शेवटी शिक्का बसला. आम्ही जवळजवळ पळतच पूल ओलांडला आणि पलीकडं पाहिलं तर पांढऱ्या गाड्यांची ही भलीमोठी ओळ. सगळ्या एकसारख्या.

"नंबर पायला होता काय वो बाई?"

"नाही. तुम्ही?"

"आरशाले तसबी लटकून होती, तेवढं याद हाय."

आम्ही एकेका गाडीत डोकावू लागलो. प्रत्येक आरशाला तसलीच जपाची माळ होती. गाडी गेली असेल तर औषधं गेली, आणि आपण इथं कुणाला काय विचारणार? तेवढ्यात मागून कुणीतरी माझी बाही ओढली. आमच्याच गाडीतला एक जाडा माणूस, सबंध रस्ताभर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला. तो आम्हालाच शोधायला आला होता. त्याच्या मागं गेलो. गाडी एका बाजूला उभी, आतले सगळे लोक आमच्यासाठी थांबलेले. कुणी रागावलं नाही. त्या माणसानं माझ्या ओंजळीत बिया ओतल्या. मी त्या खाल्ल्या आणि मगच लक्षात आलं की दिल्ली सोडल्यापासून पोटात काही नव्हतं.

ओश बाजार

बिश्केकहून जलाल-अबादला मोठी बस जात नाही. घाटामुळं. ओश बाजाराजवळ लहान मोटारींचा अड्डा आहे, तिथं ड्रायव्हर गावांची नावं ओरडत फिरतात. सकाळी तिथं उभी राहिले आणि क्षणभर बरं वाटलं, कारण हे चित्र माझ्या ओळखीचं होतं. शेलूबाजारच्या चौकात जीपवाले असंच कारंजा, मंगरूळपीर ओरडतात आणि शेवटचं शीट भरल्याशिवाय हलत नाहीत. इथंही तेच. आमच्या ड्रायव्हरचं नाव उलान. तरणा, पुढचे दोन दात सोन्याचे, जुनी जपानी गाडी. आम्ही दोघी मधल्या शीटवर बसलो, मागं दोन पोरगे कानात तारा घालून बसले. पुढचं एक शीट रिकामं.

त्या एका शीटासाठी आम्ही किती वेळ बसून होतो! सोहेलचा फोन आला. डॉक्टर उद्या दुपारी पोट उघडणार होते. "काकू, आज संध्याकाळपर्यंत पोचता ना?" मी हो म्हणाले आणि रिकाम्या शीटाकडं पाहत राहिले.

शेवटी एक म्हातारी आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात मोठं गाठोडं. बसल्या बसल्या मागं वळून तिनं आम्हा दोघींना नीट पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मुहब्बत."

नसीमभाभींचा चेहरा फुलला. "काय म्हणते वो? मोहब्बत?"

ते तिचं नाव होतं. मुहब्बत. ती उझबेक, जलाल-अबादच्या अलीकडच्या बाजार-कोरगोन गावची. मग दोघींनी शब्द जुळवायला सुरुवात केली. नान, बाजार, आसमान, कांद्याला पियाझ. सब्जी म्हणजे गाजर, ह्यावर दोघी मनापासून हसल्या. मला हसू येत नव्हतं. मुहब्बतनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं. भाभी म्हणाल्या, "बेटी. बीमार."

"बेमार?" ती म्हणाली. आणि पुन्हा छातीवर हात ठेवला.

तू-आशू

मला घाट म्हणजे मेडशीवरून पातूरला जाताना लागतो तेवढाच माहीत. हा तू-आशूचा घाट दिसायच्या आधीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कडे जवळ येऊ लागले, खालून नदीचा आवाज येऊ लागला. मग ट्रकांची रांग दिसली. उलान उतरून पुढं गेला आणि परत येऊन एकच शब्द बोलला, "ज़क्रीतो." मी शिकलेला पहिला रशियन शब्द. बंद. त्यानं एका हातानं डोंगर केला आणि दुसरा हात त्यावरून धपकन खाली आणला. हिमकडा कोसळला होता.

मी फोन काढला. फोनला रेंज नव्हती.

दुपार तशीच गेली. काही गाड्या वळून माघारी निघाल्या. मागच्या पोरग्यांपैकी एकाला थोडं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, बिश्केकला परत जावं, उद्या कदाचित विमान मिळेल. कदाचित नाही मिळणार. उलानही परत जायचं म्हणत होता. रस्ता कधी उघडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाई, तुमी सांगा," नसीमभाभी म्हणाल्या. "तुमची पोरगी हाय. तुमी म्हनसान तसं."

शाळेत मी पाचवीपासून दहावीपर्यंतच्या पोरांना निर्णय सांगते. त्या रस्त्यावर मला काही सुचेना. परत गेले आणि विमान उडालं नाही, तर? इथं थांबले आणि रस्ता दोन दिवस उघडला नाही, तर? उद्या दुपारी तिला आत नेतील तेव्हा दाराशी तिचं म्हणावं असं कुणी असेल का? एवढंच डोक्यात फिरत होतं. मुहब्बतनं मात्र कुणाला विचारलं नाही. तिनं गाठोडं उचललं आणि रस्त्याकडेच्या चहाच्या घराकडं चालू लागली. दारापाशी वळून तिनं हातानं मला बोलावलं, शेजारीण अंगणातून बोलावते तसं.

"थांबू," मी म्हणाले.

पोरगे दुसऱ्या गाडीनं माघारी गेले. उलाननं दोन्ही हात वर केले, आणि इंजिन बंद केलं.

चहाच्या घरात मोठी लोखंडी शेगडी होती आणि तिच्याभोवती ट्रकवाले. सूर्य डोंगराआड जायच्या सुमाराला मालकिणीनं जमिनीवर लांब कापड पसरलं. गोल जाड नान, खजूर, साय, जाम, चहाच्या किटल्या. रोजा सोडायची वेळ झाली होती. नसीमभाभींनी दिवसभर पाणीही घेतलं नव्हतं, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"तुम्ही तर माफ आहे म्हणाल्या होत्या."

"आज रोजा चुकवाले मन नाई झालं," त्या म्हणाल्या.

वाडग्यातून मटणाचा रस्सा आला. भाभींनी माझ्याकडं बोट दाखवून, दोन्ही हात हलवून, मालकिणीला माझं शाकाहारीपण समजावलं. ती बाई अचंब्यानं माझ्याकडं पाहत राहिली. हिला काय आजार आहे, असं तिला वाटलं असावं. मग तिनं माझ्यासाठी बटाटे उकडले, वर लोणी घातलं.

नान तोडण्याआधी मुहब्बतनं ओंजळ पसरून दुवा म्हटली. ट्रकवाले, उलान, भाभी, सगळ्यांच्या ओंजळी समोर. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मधेच "बेमार" हा शब्द आला आणि तिनं डोळे न उघडता मान माझ्या बाजूला कलवली. दवाखान्यातून फोन आल्यापासून मी रडले नव्हते. तिथं, त्या अनोळखी ट्रकवाल्यांच्या देखत, रडले. कुणी समजूत घातली नाही. चहाचा वाडगा तेवढा माझ्यापुढं सरकवला.

पलीकडं

सकाळी रस्ता एका बाजूनं उघडला. गाड्या मुंग्यांसारख्या चढू लागल्या. वळण, पुन्हा वळण, आणि खाली पाहिलं की आपणच आलो तो रस्ता दोरीसारखा पडलेला. वर डोंगराच्या पोटात बोगदा आहे. आत धुराचा एवढा लोट की पुढच्या ट्रकचे दिवेही धुरकट दिसत होते. भाभींनी ओढणी नाकाशी धरली. मी मोजके श्वास घेत होते. बोगदा संपला आणि उजेडानं डोळे दिपले. समोर सबंध दरी पांढरी. एक झाड नाही, एक घर नाही. त्यातून एक काळी रेघ गेली होती आणि त्या रेघेवर आम्ही. उन्हाळ्यात इथं गवत असतं, घोडे असतात, तंबूत माणसं राहतात, असं नंतर प्राजूनं सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

त्या दरीनंतर दुसरी खिंड. तिच्या उतारावर समोरून ट्रक आला. उलाननं ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी तिरपी होऊन घसरू लागली. आवाज काहीच नव्हता. मला दरीची कड दिसली, मग आभाळ, मग धाडकन धक्का बसला. गाडीचं नाक रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात रुतलं होतं. ढीग नसता तर, हे वाक्य मी आजही पुरं करत नाही.

उतरून ढकलावं लागलं. मुहब्बत सगळ्यांच्या पुढं. नसीमभाभींचा एक बूट बर्फात गेला तो निघेचना. त्या मोजा घातलेल्या पायावर उभ्या राहून जोर लावत होत्या आणि ओरडत होत्या, "अवो ढकला ना बाई जोरानं! उभ्या काहून राह्यल्या?" ट्रकवाला येऊन मिळाला. गाडी निघाली. बूटही निघाला, बर्फानं भरलेला. भाभी गाडीत बसून तो झटकत होत्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मुहब्बतनं त्यांचा ओला पाय ओढून आपल्या गाठोड्यात खुपसला.

खाली उतरल्यावर देवदारासारख्या झाडांची घळ लागली, मग एक प्रचंड निळं तळं. तोक्तोगुल. रस्त्याच्या कडेला बायका मधाच्या बरण्या मांडून बसलेल्या. तिथं माझा फोन वाजू लागला. एकामागून एक संदेश. ह्यांचे, सोहेलचे, पुन्हा ह्यांचे. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"पाहा ना," भाभी म्हणाल्या.

"तुम्ही पाहा."

त्यांनी पाहिलं. ओठ हलवत वाचलं. "ऑपरेशन सकायीच केलं म्हनते. थांबाले वेळ नोयता. झालं." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "पोरगी शुद्धीत नाई आली आजून."

उलाननं आरशातून पाहिलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर तो जेवायला थांबला नाही, चहालाही नाही.

नदीच्या कडेकडेनं हिरव्या-निळ्या पाण्याची खोल घळ संपत नव्हती. ती संपली आणि अचानक सपाट, मातकट मुलूख लागला. मातीची घरं, ओळीनं उभी उंच झाडं आणि भिंतींना टेकवलेले पऱ्हाट्यांचे भारे. आमच्याकडं कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचून ठेवतात, हुबेहूब तसे. मी भाभींना दाखवले. "हे तं आपल्यावानीच हाय," त्या म्हणाल्या.

बाजार-कोरगोनला मुहब्बतचा मुलगा रस्त्यावर उभा होता. गाडी थांबली. तिनं काच खाली केली, त्याच्याशी दोन वाक्यं बोलून गाठोडं खिडकीतून त्याच्या हातात दिलं आणि काच वर केली. ती उतरलीच नाही. उलाननं गाडी पुढं काढली.

जलाल-अबाद

ती का उतरली नाही ते दवाखान्यात कळलं. अतिदक्षता विभागाला तिकडं रेआनिमात्सिया म्हणतात आणि नातेवाइकांना आत सोडत नाहीत. सोहेल दाराशी उभा होता, डोळे लाल. तो नर्सला रशियनमधून विनवत होता. नर्स मान हलवत होती. मी त्या दाराला हात लावून उभी राहिले. इतका डोंगर ओलांडून आले होते आणि आता दोन फळ्या उरल्या होत्या.

मुहब्बत पुढं झाली. तिनं आवाज चढवला नाही. नर्सच्या मनगटावर हात ठेवून ती हळू हळू बोलत राहिली. मधे मधे माझ्याकडं बोट, मग डोंगराकडं, मग नसीमभाभींच्या ओल्या बुटाकडं. नर्सनं बुटाकडं पाहिलं. आत गेली, आणि एक निळा झगा नि पायात घालायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आली.

प्राजूचा चेहरा मेणासारखा झाला होता. नाकात नळी, पोटावर पट्टी, पट्टीखालून आणखी नळ्या. मी हात लावला. गरम होता. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. तिच्या पापण्या हलल्या.

"आई?" ओठ कोरडे. "तू कशी आली?"

"मोटारीनं," मी म्हणाले.

"घाट तं बंद होता ना वं."

"उघडला."

तिनं डोळे मिटले. मला बाहेर काढलं गेलं. बाहेर येऊन पाहते तर मुहब्बत निघून गेली होती. उलान तिला परत तिच्या गावी सोडायला गेला, सोहेल म्हणाला. मी तिचे आभार मानले नाहीत. रहमत म्हणजे धन्यवाद, हा शब्द तोवर मला आलाही नव्हता.

ताप उतरायला आठवडा गेला. मग नळ्या निघाल्या, मग बसणं, मग भिंतीला धरून चालणं. सोहेलच्या खोलीत भाभी आणि मी तांदळाची पेज शिजवायचो. तूर डाळ मिळत नव्हती. मूग मात्र तिथं होते, उझबेक लोक भातात घालतात. बाजारात दही मिळायचं, घट्ट, आंबट, आपल्यासारखं. ईदच्या दिवशी दवाखान्यातल्या शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी आमच्यापुढं इतकं वाढलं की प्राजू म्हणाली, "आई, टाके तुटतीन."

ह्यांचा रोज फोन. "तिले घेऊनच ये," हे म्हणायचे. "डॉक्टर नाई झाली तरी चालते मले. पोरगी पाह्यजे." माझं मनही तेच म्हणत होतं. मी माझ्याबरोबर प्राजूचंही तिकीट काढायला सोहेलला सांगितलं.

ते तिला कळलं त्या संध्याकाळी ती खाटेवरून उठली, चपला घातल्या आणि एकटीच कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आली. घामेजली होती.

"आई, आता घरी गेली ना, त मंग वापस येनं होत नाई. बाबा येऊच देनार नाईत. अन् तू बी."

"आणि पुन्हा तुला काही झालं तर?"

"झालं होतं ना. इथल्याच डॉक्टरायनं वाचवलं ना मले."

"मी घाटात अडकले होते प्राजू. तुला माहीत नाही काय वाटत होतं ते."

"नाई माहीत," ती म्हणाली. "पन मले हे पुरं कराचं हाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. शिवण कच्ची आहे, एवढ्या घाटातून मोटारीत बसवू नका, पण इथं राहून महिन्याभरात वर्गात बसू शकेल, असं ते म्हणाले. त्यातलं पहिलं मी ह्यांना कळवलं. दुसरं कळवायला, आणि प्राजूला इथंच ठेवून येते म्हणायला, मला आणखी दोन दिवस लागले. फोनवर हे नुसतं "बरं," म्हणाले आणि ठेवून दिला.

परतीची वाट

जलाल-अबादच्या अड्ड्यावर प्राजू सोहेलचा हात धरून आली. ड्रायव्हरशी तिनंच बोलणं केलं, किर्गिझ भाषेत, घासाघीस करत. माझी मुलगी त्या भाषेत हसते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. गाडीत बाजूला बसणाऱ्या बाईला तिनं काहीतरी सांगितलं. त्या बाईनं माझ्याकडं पाहून मान डोलावली. मला आणि भाभींना त्या बाईच्या हवाली केलं होतं.

"पोचली की फोन कर," प्राजू म्हणाली. मी तिला हेच म्हणणार होते.

आता घाटात बर्फ वरच्या टोकांना उरला होता. खाली चिखल, पाण्याचे ओहळ, आणि गवत वर येऊ लागलेलं. एका ठिकाणी मेंढ्यांचा कळप सगळा रस्ता भरून चालला होता. गाड्या त्यांच्या मागून पावलापावलानं. जाताना मी एवढ्या उशिरानं वेडी झाले असते. येताना वाटत होतं, चालू द्या, जेवढं हळू तेवढं बरं. पण कोरदाईला रांग एवढी लांब होती की विमान चुकतं की काय असं वाटलं. नसीमभाभींनी "एअरपोर्ट, एअरपोर्ट" म्हणत सरळ पुढं वाट काढली, आणि लोकांनी बाजू दिली. मी त्यांच्या मागं, दोन्ही बॅगा हातात घट्ट धरून.

रेंज असेल तिथं मी फोन करत होते. "आई, आत्ताच तं बोललो ना," प्राजू म्हणायची.

नागपूरहून बस शेलूबाजारला आली तेव्हा ऊन तापलं होतं. भाभींचे मालक गाडी घेऊन आले होते. भाभींनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "जेवून घ्या बाई. नाईतर उपाशीच बसून राहसान." त्या गेल्या.

हे रस्त्याच्या पलीकडं, लिंबाच्या सावलीत उभे होते. मला पाहून आले. माझ्या हातातली बॅग घेतली. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून बसच्या दाराकडं पाहत होते. एक म्हातारा उतरला. एक बाई लेकराला घेऊन उतरली. कंडक्टरनं दार ओढलं, बस सुटली आणि मालेगावच्या दिशेनं निघून गेली. धुरळा खाली बसला तरी हे तिकडंच पाहत उभे.

"अहो," मी म्हणाले, "फोनवर सांगितलं होतं ना मी."

"मालूम हाय मले," हे म्हणाले. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "उगंच पायलं."